करार दिल्लीत, भाव लातुरात: तूर-सोयाबीनचा पुरवठा बांधता येईल का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका छोट्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज बघतो. आमच्या सभासदांची खरी पिकं दोनच: सोयाबीन, आणि त्यात तूर. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत कुणाचं निम्मं गेलं, कुणाचं सगळं. माल कमी आला की भाव चढतो, एवढं तरी आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या हंगामात माल कमी, सोयाबीनचा हमीभाव ५३२८, आणि मोंढ्यात सौदे त्याच्या खाली.

कॅनडात म्हणे दूध, अंडी, कोंबडी किती काढायची हे आधी ठरतं, भाव खर्चावर ठरतो आणि बाहेरचा माल मोजून आत घेतात. तरीही तो देश बऱ्याच मोठ्या व्यापार करारांत आहे. आपल्याकडं तूर ३१ मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क, पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बिनशुल्क, कापूस ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बिनशुल्क. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, युरोप-अमेरिकेशीही २०२५ मध्ये बोलणी चालू होती. कॅनडासारखं काही डाळी-तेलबियांत बसवता येईल का, आणि हे करार ते बसवू देतील का? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

बिनपाण्याचा
राजकारण नको आणि तुरीवर बोला. म्हणजे तेलाशिवाय फोडणी द्या.

ओंटारियो_नांदेड
मूळ नांदेडचा, सध्या इथं कॅनडात दूध प्रक्रियेच्या धंद्यात हिशेब बघतो. जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

इथं गाय घेतली म्हणून दूध विकता येत नाही. रोज किती किलो स्निग्धांश विकायचा याचा कोटा लागतो. एक किलो म्हणजे ढोबळ मानानं एका गायीचं दूध, आणि ओंटारियोत तेवढ्या कोट्याच्या किमतीवर २४,००० डॉलरची मर्यादा घालून ठेवलीय. म्हणजे गोठा, गाई, जमीन राहू द्या, नुसत्या परवानगीलाच एवढे पैसे. सत्तरच्या दशकात ही घडी बसली. तेव्हा दूध उत्पादक लाखाच्या वर होते, आज दहा हजारांच्या आत आहेत. जे टिकले त्यांचं बरं चाललंय, हे खरं.

आयातीचं असं, की ठरलेल्या वजनापर्यंत शुल्क नाममात्र किंवा शून्य, त्यापुढं लोण्यावर २९८ टक्के. युरोपाशी २०१७ मध्ये करार लागू झाला तेव्हा चीजचा कोटा वाढवला. २०१८च्या पॅसिफिक करारात दुधाच्या बाजाराचा साधारण सव्वातीन टक्के हिस्सा सोडला. २०२० मध्ये अमेरिका-मेक्सिकोसोबतच्या करारात आणखी थोडा. दरवेळी गोठेवाले ओरडले. सरकारनं २०१९ मध्ये पहिल्या दोन करारांपोटी त्यांना आठ वर्षांत १७५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. जून २०२५ मध्ये तर कायदाच केला, की यापुढच्या करारांत या मालावर आणखी सूट द्यायची नाही.

तर मांजराकाठभाऊ, तुमच्या प्रश्नातला "तरीही करारांत आहे" हा भाग बरोबर. पण त्याची किंमत ग्राहक देतो, सरकारी तिजोरी देते आणि नव्यानं गोठा घालू बघणारा पोरगा देतो.

लाल_बिल्ला
पुरवठ्याचं नियोजन आपल्याकडं आहेच की! फक्त ते ग्राहकासाठी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, लगेच जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे, बंद. जून २०२३ मध्ये तुरीवर साठा मर्यादा. ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद. भाव वर गेला की नियोजन जागं होतं, खाली आला की "बाजारावर सोडा".

शेतकरी संघटनेचे शरद जोशी डंकेल प्रस्तावाच्या (जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या) वेळी एकटे पडले होते. सगळे डावे-उजवे विरोधात, आणि हा माणूस सांगत होता की जागतिक बाजाराला भिऊ नका, तुमच्या शेतीची सबसिडी उणे आहे, लूट इथंच होतेय. सरकारच्या हातात आणखी एक कोटा द्याल तर तो तुमच्याच गळ्याला लागेल. कॅनडाचा शेतकरी सरकारला वाकवू शकतो. तुम्ही बारदाना संपला म्हणून बंद पडलेलं खरेदी केंद्र चालू करून दाखवा आधी.

चिपाड
एका साखर कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त. मंडळी, कोटा पद्धत बघायला कॅनडात कशाला जाता? साखर बघा. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. जून २०१८ पासून कोणत्या कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची हेही केंद्रच ठरवतं. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून ३१ रुपयांवर. दोन कारखान्यांत महाराष्ट्रात २५ किलोमीटरचं अंतर पाहिजे. निर्यात परवानगीशिवाय नाही.

आणि करारांचं म्हणाल, तर ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला आपल्यावर जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला. त्यावर आपण अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच २०१९ पासून बंद. प्रकरण तिथंच पडून आहे. म्हणजे नियम मोडला असं ठरलं, पण अंमल कोण करणार?

फक्त या पद्धतीत एक गोष्ट कुणी बांधली नाही: उसाचं क्षेत्र. भाव हमखास, उचल हमखास, मग बीड-लातूरच्या माळावरही ऊस येणारच.

बिनपाण्याचा
आणि २०१६ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येणारच.

भूमचा_खवा
चिपाडकाका, बरोबर. पण आमच्या दुधाचं ऐका. भूम-परंड्याकडं घरटी दूध आणि गावोगाव खव्याच्या भट्ट्या. ४ नोव्हेंबर २०१९ला बँकॉकमध्ये भारत आरसेपमधून (आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून) बाहेर पडला तेव्हा आमच्याकडं लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, न्यूझीलंडची भुकटी येणार अशी धास्तीच होती. ब्रिटनच्या करारातही दूध बाहेर ठेवलंय. म्हणजे आम्हाला संरक्षण पूर्ण. तरी २०२४ मध्ये गाईच्या दुधाचा दर असा पडला की राज्याला लिटरमागं पाच आणि पुढं सात रुपये अनुदान द्यावं लागलं. परदेशी भुकटीचा एक पोता आलेला नसताना! देशातलीच भुकटी शिल्लक होती. तेव्हा सीमा बंद केली की भाव टिकतो हे काही खरं नाही.

मांजराकाठ
भूमकर, नेमका मुद्दा. म्हणूनच मी नुसत्या शुल्काबद्दल विचारलं नाही. शुल्क हा एकच पाय झाला.

लातूर_सौदा
अडत आणि भागीदारीत डाळमिल. आता शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो.

देशात तूर साधारण ३५ लाख टन होते, खप त्याहून बराच जास्त. आयात बंद केली तर डिसेंबरला नवी तूर येईपर्यंत आमच्या गिरण्या चालवायच्या कशावर? आफ्रिकेचा माल, गजरी म्हणा, टांझानियाची म्हणा, ऑगस्ट-सप्टेंबरपासून लागतो. ब्रह्मदेशची लेमन तूर जानेवारीनंतर. म्हणजे आफ्रिकेचा माल आपल्या तुरीच्या तोंडावर येऊन गोदामात बसतो, आणि ब्रह्मदेशचा ऐन आवकेत. दुखतं ते इथं. एकूण किती टन आले यापेक्षा कोणत्या महिन्यात आले, हे भावाला जास्त कळतं.

सोयाबीनचं वेगळं आहे. सोयाबीन आम्ही फारसं आयात करत नाही, तेल करतो. पण दाण्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी पेंडच. भाव पेंडेवर चालतो. गेल्या दोन वर्षांत मका-तांदळापासून इथेनॉल जोरात सुरू झालं, त्याचा चोथा, ज्याला आम्ही डीडीजीएस म्हणतो, कोंबडीखाद्यात स्वस्त पडतो. पेंडेची जागा त्यानं खाल्ली. बाहेर निर्यात करायची तर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त. आता सांगा, यात कुठला करार आडवा आला? मांजराकाठ यांच्या सभासदाचं पीक वाहून गेलं, पण जगात सोयाबीन भरपूर आहे, आणि देशात पेंडेला गिऱ्हाईक कमी.

लाल_बिल्ला
सौदासाहेब, इथेनॉलचं धोरण पण दिल्लीचंच ना? मग फिरून तिथंच आलो.

गोदाकाठची
पाथरी तालुक्यात आठ एकर, सासऱ्यांच्या नावावर. वाचतेय सगळं. एक विचारू का? कोटा येणार कुणाच्या नावानं? सातबारावर नाव असेल त्याच्या. आमच्या गावात निम्मी जमीन बटईनं कसली जाते. खुरपणं बाई करते, फवारणी बटईदार करतो, ई-पीक पाहणीत नोंद मालकाची. हमीभाव केंद्रावर आजच ही अडचण आहे. उद्या कोट्याला किंमत आली (नांदेडकर दादांनी सांगितलेले २४,००० डॉलर वाचून मी दोनदा शून्यं मोजली), तर मालक घरी बसून कोटा भाड्यानं देईल. बटईदारानं जमिनीचंही भाडं भरायचं आणि परवानगीचंही.

दुसरं. तूर आम्ही सलग लावतच नाही. सोयाबीनच्या सहा-आठ ओळींमागं दोन ओळी तुरीच्या. पाऊस लांबला की सोयाबीन मोडून दुसरं काही टाकतो. जूनमध्ये काय पेरणार हे मला मेमध्ये माहीत नसतं. गाय रोज दूध देते, तिचं मोजता येतं. कोरडवाहू रानाचं वजन आधी कोण सांगणार?

ओंटारियो_नांदेड
ताई, तुमचा पहिला मुद्दा इथल्या चर्चेतही सगळ्यात अवघड. कोटा पहिल्या पिढीला फुकट मिळाला, दुसरीनं विकून पैसे केले, तिसरी कर्ज काढून विकत घेते.

कारभारीण
विषय सोडून एक. लेमन तुरीची डाळ शिजते पटकन पण वरणाला ती चव नाही. आमच्या बदनापूरच्या बीडीएन-७११ वाणाला तोड नाही.

भूमचा_खवा
७११ चवीला ठीक. जुन्या बीएसएमआर-७३६च्या डाळीवर नुसतं तूप आणि मीठ. बाकी काही नको.

लातूर_सौदा
आणि दोघंही लग्नात जेवता ती कुठली असते हे मी सांगत नाही. बेसनात तर पिवळा वाटाणा किती असतो ते विचारूच नका.

कारभारीण
शी! दिवाळीच्या आधी का नाही सांगितलं?

व्यवस्थापक
पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. धाग्याकडं वळा.

न्हावाशेवा
संभाजीनगरचा, बंदरावर आयात-निर्यातीची कागदपत्रं करण्यात हयात चाललीय. करारांबद्दल इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय, म्हणून जरा सविस्तर.

जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक मालावर आपण एक कमाल शुल्क लिहून दिलंय, त्याला बांधील दर म्हणतात. प्रत्यक्षात लावतो तो दर वेगळा. पाम तेलाची कमाल ३०० टक्के, सोयातेलाची मात्र ४५. आता प्रत्यक्ष बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवर सगळं धरून २७.५ टक्के केलं, तेव्हा सोयाबीनवाले खूश झाले. ३० मे २०२५ला, पेरणीच्या तोंडावर, ते १६.५ वर आणलं. वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये आपणच ५० टक्के लावलं होतं, डिसेंबर २०२३ मध्ये आपणच शून्य केलं, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून आपणच ३० केलं. कापसाचं ११ टक्के फेब्रुवारी २०२१ मध्ये बसवलं, ऑगस्ट २०२५ मध्ये उचललं. यातलं एकही कुठल्या करारानं करायला लावलेलं नाही. अधिसूचना निघते, दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर असते. मांजराकाठ यांनी धाग्याच्या शीर्षकात करार लिहिलाय, पण तुमचा भाव आजवर पाडला तो बहुतेक वेळा अधिसूचनेनं.

करार कुठं खरंच बांधतो? एक, नेपाळ. दक्षिण आशियाई करारात तिथलं तेल शून्य शुल्कावर येतं. सप्टेंबर २०२४ला आपण शुल्क वाढवलं आणि नेपाळमधून शुद्ध सोयातेलाचे टँकर सुरू झाले. तिथं सोयाबीन पिकतं किती? कच्चं तेल समुद्रमार्गे आणायचं, शुद्ध करायचं, बिहारच्या सीमेवरून आत. म्हणजे पुरवठा बांधायचा तर मालाचं मूळ कुठलं हे तपासणारं कलम पक्कं पाहिजे. नाहीतर बांध एका बाजूला आणि पाट दुसऱ्या बाजूनं.

दोन, एकदा द्विपक्षीय करारात शून्य लिहून दिलं की परत वर नेता येत नाही, अधिसूचनेसारखं. पण शून्यच लिहून द्यावं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या करारात डिसेंबर २०२२ पासून कापूस बिनशुल्क आहे तो ५१,००० टनांपुरता. मसुरावर निम्मी सूट, ती दीड लाख टनांपुरती. म्हणजे मोजून आत घेण्याची पद्धत आपण वापरतोच. दक्षिण कोरियानं चिलीशी केलेला करार २००४ साली लागू झाला, त्यात द्राक्षांवर हंगामी शुल्क लिहून घेतलं: नोव्हेंबर ते एप्रिल सवलत, आणि त्यांची स्वतःची द्राक्षं बाजारात असतात त्या महिन्यांत पूर्ण शुल्क. सौदासाहेब म्हणतात ते "कोणत्या महिन्यात आले" याचं उत्तर करारात लिहिता येतं. कुणी मागितलं तर.

मांजराकाठ
हे कोरियाचं पहिल्यांदा ऐकलं. तुरीला डिसेंबर ते मार्च पूर्ण शुल्क, एप्रिलनंतर सवलत, असं?

न्हावाशेवा
कागदावर तसंच. मात्र व्यापारी नोव्हेंबरात भरून ठेवेल. त्यामुळं त्याला साठ्याची सांगड लागते.

लातूर_सौदा
भरून ठेवणारच. माझाच धंदा सांगताय.

आणि कोट्याचं आम्ही भोगलंय. २०१६-१७ला तूर उदंड झाली, केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, हमीभाव बोनससह ५०५० आणि बाहेर विचारत कुणी नव्हतं. मग ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीला वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली, पुढं तो कोटा गिरणीवाल्यांनाच द्यायचं ठरलं. अर्जदार इतके झाले की एकेकाच्या वाट्याला थोडाथोडा माल. काही जण कोर्टात जाऊन स्थगिती आणून माल उतरवत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सरकारच्या बाजूनं निकाल दिला, आणि पुढं मे २०२१ मध्ये सरकारनंच तुरीची आयात खुली करून टाकली! तेव्हा मर्यादा घालणं सोपं, ती टिकवणं कठीण.

ओंटारियो_नांदेड
कोटा कुणाला मिळतो, यावर इथं खटले झाले. कॅनडानं कमी शुल्काचा आयात कोटा मुख्यतः देशातल्याच प्रक्रिया उद्योगांना वाटला. त्यांना परदेशी चीज आणण्यात फारसा रस नाही, मग कोटा पडून राहायचा. अमेरिका तक्रारीत गेली आणि जिंकली. कॅनडानं वाटपाची रीत बदलली, अमेरिका पुन्हा गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडनं पॅसिफिक करारातल्या लवादात कॅनडाला हरवलं. म्हणजे करारात आकडा मान्य करायचा आणि वाटपाच्या नियमांत तो आवळायचा, हा खेळ कॅनडा कित्येक वर्षं खेळलाय.

आणि एक गंमत. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं मिळून तक्रारवजा कागद दाखल केला, की भारत डाळींना हमीभावातून मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. हाच कॅनडा, २९८ टक्केवाला!

लाल_बिल्ला
हसावं की रडावं. तुलनेला १९८६-८८चे भाव धरतात, हे पण सांगा की. आजचा हमीभाव आणि तेव्हाचा जागतिक भाव यातला फरक म्हणजे म्हणे सबसिडी. कोणत्या मोंढ्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या भावानं सौदा होतो?

आणि मोझांबिकला २०१६ साली आपण पाच वर्षांच्या खरेदीचं लेखी आश्वासन दिलं, पुढं वाढवलंही. मलावीला ५०,००० टन, म्यानमारला एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद. त्यांच्या शेतकऱ्याला पेरणीआधी कळतं भारत किती घेणार. आम्हाला कळत नाही.

गोदाकाठची
बिल्लेवाले दादा, इथं मात्र तुम्हाला शंभर टक्के अनुमोदन.

चिपाड
अहो, पण ११ ऑक्टोबर २०२५ला केंद्रानं डाळींचं अभियान सुरू केलं ना, ११,४४० कोटींचं. तूर, उडीद, मसूर चार वर्षं शंभर टक्के खरेदी म्हणतात.

लाल_बिल्ला
नोंदणी केलेल्यांची, काका. ओलावा बघून, बारदाना असेल तर. झाली खरेदी तर पेढे मी देतो, कुंथलगिरीचे.

भूमचा_खवा
ऑर्डर आमच्याकडंच द्या.

आंबाजोगाईकर_पोरगं
मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. कोट्याच्या बाजूनं कुणीच नाही म्हणून उलटंही मांडत नाही, पण जपान बघा. १९७० पासून जवळजवळ पन्नास वर्षं भाताचं क्षेत्र कमी ठेवायला शेतकऱ्यांना पैसे दिले, २०१८ मध्ये ती पद्धत बंद केली. आयात तांदळावर जबर शुल्क. २०२५ मध्ये तिथंच तांदूळ इतका महागला की सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. पुरवठा फार घट्ट आवळला आणि एखादं वर्ष फसलं, की हातात काही राहत नाही. युरोपनं दुधाचा कोटा ३१ मार्च २०१५ला सोडला, साखरेचा २०१७ला. ऑस्ट्रेलियानं २००० साली दूध खुलं केलं तेव्हा ग्राहकाकडून लिटरमागं ११ सेंट अधिभार घेऊन गोठेवाल्यांना भरपाई दिली. मला त्यातलं हे शेवटचं पटतं: बाजार उघडायचा तर ज्याचं नुकसान होणार त्याला आधी पैसे.

न्हावाशेवा
शाब्बास. आणि त्यासाठी नवा अधिभार शोधायला नको. आयात कच्च्या खाद्यतेलावर ५ टक्के कृषी अधिभार आजही घेतला जातो. वाटाण्यावरच्या ३० मधले २० टक्के त्याच नावाचे आहेत. नाव कृषीचं, पण सोयाबीनवाल्याच्या खात्यात त्यातलं थेट काही जमा होत नाही.

मांजराकाठ
दोन दिवस वाचतोय, आता थोडं मांडतो. सातबाऱ्यावर कोटा लावायची कल्पना गोदाकाठच्या ताईंनी निकालात काढली, ते मान्य. कोरडवाहूला ती बसत नाही, आणि बसवली तर बटईदार मरतो. राहिलं ते आयातीचं वेळापत्रक आणि भरपाई. आमच्या कंपनीच्या नावानं कृषिमूल्य आयोगाला आणि आमच्या खासदारांना निवेदन द्यायचं डोक्यात आहे. मागणी अशी: तूर आणि तेलाचं शुल्क मेच्या पहिल्या आठवड्यात वर्षभरासाठी जाहीर करा. मध्येच खाली आणायचं तर बाजारभाव हमीभावाच्या वर ठरावीक टक्के गेल्यावरच आणा, आणि तो टक्का आधी सांगा. नव्या करारांत डाळी-तेलांना सूट द्यायचीच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या कापसासारखी टन मोजून आणि कोरियासारखी महिने बघून द्या. अधिभाराचा हिशेब पीकनिहाय जाहीर करा.

लाल_बिल्ला
शुल्क वर्षभर बांधा, हे ठीक. पण "बाजारभाव हमीभावाच्या वर गेला की आयात खुली करा" हे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देताय? म्हणजे हमीभाव हाच कमाल भाव झाला. पाच वाईट वर्षांनी एक बरं वर्ष येतं, त्यावर शेतकरी कर्ज फेडतो. २०२१ला ज्यांनी ऑगस्टपर्यंत सोयाबीन धरून ठेवलं त्यांनी घरं बांधली. तेच वर्ष तुम्ही निवेदनात काढून घेताय.

लातूर_सौदा
आणि टक्का जाहीर झाला की अख्खा बाजार त्या आकड्याच्या अलीकडं येऊन थांबेल. मी तरी थांबेन.

गोदाकाठची
बिल्लेवाले दादा, ऑगस्टपर्यंत माल धरून ठेवणारे कोण होते? आम्ही नोव्हेंबरातच विकलं होतं, पेरणीची उधारी होती. चढलेला भाव बघायला आमच्याकडं दाणा नव्हता. मला वरचा भाव कमी झाला तरी चालेल, खालचा पडायला नको. टक्का ठेवा, फक्त मोठा ठेवा.

लाल_बिल्ला
ताई, तुमचं दुःख गोदामाचं आणि तारण कर्जाचं आहे. त्यासाठी आयात कशाला खुली करायची? बाजार समितीत तारण योजना आहे, ती मागा.

गोदाकाठची
तारण कर्जालाही सातबारा मागतात, दादा.

चिपाड
मांजराकाठ, टक्क्याऐवजी शिलकी साठा लिहा. सरकारकडं तुरीचा राखीव साठा अमुक टनांच्या खाली गेला तरच सूट. साखरेत निर्यातीचा निर्णय हंगामाअखेरच्या शिलकीवरच घेतात. भाव उद्या कुणीही फुगवेल, गोदाम फुगवता येत नाही.

बिनपाण्याचा
काका, आपल्या गोदामांत उंदीरसुद्धा फुगतात.

मांजराकाठ
शिलकी साठ्याचा मुद्दा चांगला, दोन्ही पर्याय मसुद्यात ठेवतो. सभासदांनाच ठरवू द्या. न्हावाशेवा, महिनावार आयातीचे आकडे आम्हाला कुठं बघायला मिळतील? मोंढ्यातल्या आवकेसमोर लावून तक्ता करायचाय.

न्हावाशेवा
वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आयात-निर्यातीची आकडेवारी असते, मालाच्या क्रमांकानं शोधायची. तुरीचा ०७१३६०, वाटाण्याचा ०७१३१०. आकडे महिना-दीड महिना मागं असतात. देशनिहायही निघतात, मोझांबिक आणि म्यानमार वेगळे काढा, त्यांचे महिने वेगळे आहेत. तेलाला १५०७ पासून सुरुवात करा, नेपाळ विसरू नका.

लातूर_सौदा
आवकेचे पाच वर्षांचे आकडे माझ्याकडं आहेत, पाठवतो. माझं नाव मात्र निवेदनात नको, धंदा इथंच करायचाय.

लाल_बिल्ला
टक्क्याचं कलम राहिलं तर माझी सही नाही. काढलं तर कळवा.